फिरंगी कशासाठी आले?

शाळेच्या इतिहासात एक वाक्य आहे. आम्ही ते लहानपणी वाचले आणि आता दर वर्षी मुलांच्या उत्तरपत्रिकांत वाचतो. 1453 साली तुर्कांनी कॉन्स्टंटिनोपल जिंकले, पूर्वेकडे जाणारे खुश्कीचे व्यापारी मार्ग बंद केले, म्हणून युरोपातल्या लोकांना हिंदुस्थानकडे जाणारा समुद्रमार्ग शोधावा लागला, असा त्याचा आशय. ‘भौगोलिक शोधांची कारणे लिहा’ असा प्रश्न आला की हे पहिले कारण. ते लिहिले की निम्मे गुण पक्के.

गेल्या वर्षी हा धडा चालू असताना एका मुलाने हात वर केला. म्हणाला, "सर, तुर्कांनी रस्ता अडवला नसता तर पोर्तुगीज, इंग्रज आलेच नसते ना? म्हणजे आपल्यामुळेच आले ते." त्याचा तो ‘आपल्यामुळे’ आमच्या लक्षात राहिला. खाडीकाठच्या पोराचा आणि पंधराव्या शतकातल्या तुर्की सुलतानाचा संबंध तो काय? पण नावे ओळखीची वाटली की मूल स्वतःला त्या बाजूला उभे करते. वाक्यात आरोप होता आणि पोराने तो मुकाट्याने स्वतःच्या अंगावर घेतला होता.

आपल्या घरांत बरोबर उलट बयान ऐकू येते. फिरंगी आले ते इस्लामचे नाव मिटवायला, तिजारत हे नुसते निमित्त, असे बुजुर्ग सांगतात. दोन्ही उत्तरे एका ओळीत मावतात, म्हणून टिकली आहेत. पण पाचशे वर्षांपूर्वी परक्या किनाऱ्यावर उतरलेल्या माणसांची नियत तपासायची, तर निदान तारखा आणि नकाशा आधी नीट मांडून घेतला पाहिजे. या महिन्याचे पान त्यासाठी.

आधी मिरीची वाट पाहू, कारण सगळे भांडण तिच्यावरून आहे असे सांगितले जाते. मलबारच्या डोंगरातली मिरी कालिकत, कोचीनच्या बंदरांत उतरे. तिथून गुजराती, अरब आणि इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ती एडन आणि जिद्द्याला जाई, पुढे तांबड्या समुद्रातून आणि उंटांवरून कैरोला, आणि नाईलमार्गे अलेक्झांड्रियाला. अलेक्झांड्रियात व्हेनिसचे व्यापारी ती विकत घेत आणि युरोपभर विकत. या साऱ्या वाटेत कॉन्स्टंटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, कुठेच येत नाही. काही माल काळ्या समुद्राकडून येई, हे खरे. पण मिरीचा मोठा दरवाजा होता अलेक्झांड्रिया, आणि 1453 साली तिथे तुर्की उस्मानी सुलतानाचा हुकूम चालत नव्हता. मिसर आणि शाम दोन्ही मुलुख मम्लूक सुलतानांचे होते. उस्मानी सुलतान सलीमने शाम घेतला 1516 मध्ये आणि कैरो 1517 मध्ये. तोवर वास्को द गामा कालिकतला येऊन गेल्याला 19 वर्षे होत आली होती, आणि गोवा पोर्तुगीजांच्या हातात जाऊन सहा वर्षे उलटली होती. ज्याच्या हाती दाराची किल्लीच नव्हती, त्याने दार लावले असे आपण मुलांकडून लिहून घेतो.

कॉन्स्टंटिनोपलमध्ये तरी काय झाले? शहर पडले 29 मे 1453 रोजी. पलीकडच्या गलाता वस्तीत जिनोआचे ख्रिस्ती व्यापारी राहत. सुलतान महंमद फातेहने तीनच दिवसांत त्यांना सनद दिली, त्यांचा जीव, माल आणि व्यापार राखला. व्हेनिसशी पुढच्याच वर्षी, 1454 मध्ये, तह झाला आणि त्यांचे व्यापारी परतले. व्यापार बंद करून सुलतानाला काय मिळणार होते? जकात हेच तर त्याचे उत्पन्न. पुढे 1463 ते 1479 अशी सोळा वर्षे व्हेनिसशी लढाई चालली, तेव्हा व्यापाराला धक्के बसले. 1475 मध्ये काळ्या समुद्रावरचे काफा बंदर जिनोआच्या हातून गेले. त्या बाजूचा धंदा मंदावला, तसा जिनोआचा पैसा आणि दर्यावर्दी हुशारी पश्चिमेकडे, लिस्बन आणि सेव्हिलकडे, अधिकाधिक वळली. पुस्तकातल्या वाक्यात एवढा अंश खरा आहे, आणि तो आम्ही नाकारत नाही.

ही काही आमची नवी शोधाशोध नाही. ए. एच. लायबायर नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने 1915 मध्येच लेख लिहून दाखवले की तुर्कांनी वाटा बंद केल्या आणि म्हणून मिरी महागली, हे मालाच्या किमतींवरून सिद्ध होत नाही. शंभर वर्षे होऊन गेली. वाक्य मात्र जागचे हलले नाही.

मिरी महाग पडे ती मम्लूक सुलतानांच्या धोरणामुळेही, हेही आपण सांगितले पाहिजे. सुलतान बर्सबाय (1422 ते 1438) याने मिरीची विक्री सरकारी मक्त्यात आणली. व्यापाऱ्याने कोणाकडून घ्यायची आणि काय भावाने, हे दरबार ठरवू लागला. त्याचा जाच आधी मुसलमान व्यापाऱ्यांना झाला, व्हेनिसला नंतर.

मग सुरुवात कुठून झाली? पोर्तुगीजांनी पहिले परमुलखातले शहर घेतले ते सेउटा, अरबीत सब्ता. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवर, मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचे श्रीमंत बंदर. तारीख 21 ऑगस्ट 1415. कॉन्स्टंटिनोपल पडायला अजून 38 वर्षे होती. नुसती ही एक तारीख फळ्यावर लिहिली तरी वर्गात चुळबुळ सुरू होते.

सेउटाच का? पोर्तुगाल तेव्हा लहान आणि गरीब देश, माणसे दहा लाखांच्या आसपास. शेजारच्या कॅस्टिलशी 1411 मध्ये तह झाला आणि लढाईवर पोट असलेले सरदार रिकामे बसले. राजा जॉन पहिला याचे मुलगे वयात आले होते, त्यांना सरदारकी म्हणजे ‘नाइट’चा मान द्यायचा होता. दरबारी बखरकार झुरारा लिहितो की राजाच्या मनात मोठा उत्सव करून, खेळांचे सामने भरवून तो मान द्यायचे होते. मुलांना ते लाजिरवाणे वाटले, त्यांना खरी लढाई हवी होती. तेव्हा सेउटाचे नाव सुचवले कोणी? सेनापतीने नाही, पाद्र्याने नाही. राजाच्या खजिन्याच्या कारभाऱ्याने.

कारभाऱ्याला ठाऊक होते की सहाराच्या वाळवंटातून येणाऱ्या सोन्याचे एक टोक सेउटाला आहे. या सोन्याची ख्याती आपल्या वाचकांना दुसऱ्या बाजूने माहीत असेल. मालीचा बादशहा मन्सा मूसा 1324 मध्ये हजला निघाला तेव्हा कैरोत त्याने इतके सोने वाटले की तिथे सोन्याचा भाव उतरला. त्याची कीर्ती युरोपात पोहोचली. 1375 च्या सुमारास मायोर्का बेटावर बनवलेल्या प्रसिद्ध नकाशात आफ्रिकेच्या मध्यभागी हा बादशहा हातात सोन्याचा गोळा धरून बसलेला काढला आहे. नकाशा बनवणारा अब्राहम क्रेस्केस हा यहुदी कारागीर होता. हजच्या एका सफरीचे चित्र पन्नास वर्षांनी ख्रिस्ती राजांच्या दरबारात लटकत होते, आणि पाहणाऱ्यांची नजर बादशहाच्या हातावर होती.

सेउटा एका दिवसात पडले. शहर लुटले गेले, जामा मशिदीचे चर्च केले, आणि त्याच वास्तूत राजाने आपल्या मुलांना नाइट केले. सरदारकी, लूट आणि धर्म, तिन्ही गोष्टी एका छपराखाली. मात्र खजिन्याचा हिशेब फसला. काफिल्यांनी वाट बदलली, सोने दुसऱ्या बंदरांकडे वळले आणि सेउटा राखणे हाच मोठा खर्च होऊन बसला. सोने येते तिथे समुद्राने वळसा घालून जाता येईल का, हा विचार या फसलेल्या हिशेबातून बळावला.

राजाच्या त्या मुलांपैकी एक हेन्री. इतिहासात याला ‘नेव्हिगेटर’ म्हणतात, पण हा स्वतः मोरोक्कोच्या पलीकडे कधी गेला नाही, आणि ती पदवीही त्याला फार नंतरच्या लोकांनी दिली. साबणाचा मक्ता त्याच्याकडे होता, हे मात्र पुस्तकात कोणी सांगत नाही. हा हेन्री आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे जहाजे का पाठवत होता, याची कारणे झुराराने ओळीने दिली आहेत. आमच्या मते भौगोलिक शोधांच्या कारणांचे याहून चांगले उत्तर कुठल्याच गाइडमध्ये नाही, कारण ते त्याच काळातल्या, त्याच दरबारातल्या माणसाचे आहे.

त्याचे पहिले कारण, पलीकडे काय आहे हे जाणून घेण्याची इच्छा. दुसरे, तिकडे ख्रिस्ती लोक किंवा सोयीची बंदरे सापडली तर माल स्वस्तात आणता येईल. तिसरे, मुसलमानांचे राज्य आफ्रिकेत कुठवर पसरले आहे, शत्रूची ताकद किती, याचा अंदाज घेणे. चौथे, मुसलमानांविरुद्ध मदतीला येईल असा एखादा ख्रिस्ती राजा तिकडे आहे का, ते पाहणे. पाचवे, ख्रिस्ती धर्म वाढवणे. आणि या सगळ्यांचे मूळ म्हणून त्याने शेवटी सांगितले आहे हेन्रीच्या पत्रिकेतले ग्रह! मंगळ अमुक राशीत होता म्हणून हा माणूस मोठी आणि गुप्त गोष्टी शोधण्याची कामे करणारच, असे बखरकार गंभीरपणे लिहितो.

या यादीत हिंदुस्थानची मिरी नाही. तुर्कांनी अडवलेला रस्ताही नाही. झुराराने ही बखर लिहिली तेव्हा कॉन्स्टंटिनोपल नुकतेच पडत होते. आणि गुलामांचा शब्दही या यादीत नाही, जरी तोच हेन्रीचा पहिला खरा नफा होता.

1434 मध्ये त्याच्या माणसांनी बोजादोरचे भूशिर ओलांडले. 1441 पासून किनाऱ्यावरची माणसे पकडून आणणे सुरू झाले. 8 ऑगस्ट 1444 रोजी पोर्तुगालच्या लागोस बंदरात 235 माणसे एका मैदानात उतरवली गेली. त्यांत सहाराच्या कडेचे बर्बर होते, काळे आफ्रिकी होते, बायका-मुले होती. वाटे पाडताना आई एकीकडे आणि लेकरू दुसरीकडे जाई. आया मुलांना कवटाळून जमिनीवर पालथ्या पडत. हेन्री घोड्यावर बसून पाहत होता. त्याचा पाचवा हिस्सा होता, 46 माणसे, आणि तीही त्याने तिथल्या तिथे वाटून टाकली. हे सारे आपल्याला कळते ते झुरारामुळेच. लिहिताना आपल्याला रडू आले असे तो कबूल करतो, आणि लगेच स्वतःची समजूत घालतो की यांचे आत्मे तर तरले! तो खोटे बोलत होता असे आम्हाला वाटत नाही. त्याचे रडणेही खरे होते आणि समजूतही खरी होती. नियतीचा गुंता इथे आहे, आणि मुलांना तो समजतो. आपण त्यांना कमी लेखतो.

धर्मगुरूंची मोहोरही मिळाली. 1455 मध्ये पोप निकोलस पाचवा याने फर्मान काढून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा व्यापार आणि मुलुख पोर्तुगालला दिला, आणि तिथले मुसलमान व मूर्तिपूजक जिंकून गुलाम करण्याचा हक्कही मान्य केला. इतर ख्रिस्ती राजांनी तिथे येऊ नये, असेही त्यात होते. म्हणजे फर्मान धर्माचे, पण मक्ता व्यापाराचा. दोनच वर्षांनी, 1457 मध्ये, पोर्तुगालने नवे सोन्याचे नाणे पाडले. सोने आफ्रिकेचे. तुर्कांविरुद्धच्या मोहिमेसाठी म्हणून ते पाडले, आणि नाव ठेवले क्रुझादो, क्रुसेडवरून. ती मोहीम कधी निघालीच नाही. नाणे मात्र पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालले, आणि कालिकतच्या बाजारात मिरीच्या राशींसमोर मोजले गेले.

हिंदुस्थान नेमका नजरेत आला तो हेन्रीच्या मृत्यूनंतर, 1481 मध्ये गादीवर आलेल्या जॉन दुसरा याच्या काळात. 1487 मध्ये त्याने दोन बाजूंनी माणसे पाठवली. बार्थोलोम्यू डायस जहाजे घेऊन आफ्रिकेला वळसा घालायला निघाला. दुसरीकडे पेरू द कोविल्यां आणि अफोन्सो द पायवा हे दोघे व्यापाऱ्यांच्या वेषात जमिनीच्या वाटेने गेले. दोघांना अरबी येत होती. त्यांना हुकूम दोन गोष्टींचा होता: मसाले कुठून येतात ते पाहा, आणि प्रेस्टर जॉनचे राज्य शोधा.

हा प्रेस्टर जॉन म्हणजे युरोपच्या कल्पनेतला एक बलाढ्य ख्रिस्ती राजा. तो मुसलमानांच्या पाठीमागे कुठेतरी राज्य करतो, त्याच्याशी हात मिळवला की दोन्हीकडून कोंडी करता येईल, अशी आशा तीनशे वर्षे चालत आली होती. आधी तो आशियात आहे असे मानत, मग हबशांच्या मुलखात, म्हणजे इथिओपियात. कोविल्यां एडनहून कन्नूर, कालिकत, गोवा पाहून होर्मुझला गेला, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सोफाल्यापर्यंत पोहोचला. कैरोत परतला तेव्हा पायवा मेल्याची खबर मिळाली, आणि पोर्तुगालच्या राजाने पाठवलेले दोन यहुदी निरोपे भेटले. त्यांतला एक चांभार होता. मसाल्यांची माहिती कळवून कोविल्यां उरलेले काम करायला इथिओपियाला गेला. तिथला राजा ख्रिस्ती होता खरा, पण त्याने पाहुण्याला परत सोडले नाही. जमीन दिली, लग्न लावून दिले. 1520 मध्ये पोर्तुगीज वकील तिथे पोहोचले तेव्हा म्हातारा कोविल्यां जिवंत होता.

कोलंबसाचीही थोडी हकीकत सांगू. 2 जानेवारी 1492 रोजी गरनाता, म्हणजे ग्रॅनाडा, पडले. अंदलूसची शेवटची मुस्लिम सत्ता संपली तेव्हा कोलंबस तिथे हजर होता, आणि त्याचा करार झाला तो गरनात्याबाहेरच्या छावणीच्या गावात, 17 एप्रिलला. करारात त्याने मिळकतीचा दहावा हिस्सा मागून घेतला. आणि त्याच वर्षीच्या रोजनिशीत तो लिहितो की या सफरीतून मिळणारे धन जेरुसलेम जिंकण्यासाठी खर्चावे. बरोबर दुभाषा म्हणून नेला लुईस द तोरेस, नव्याने ख्रिस्ती झालेला यहुदी, ज्याला थोडी अरबी येत होती. क्यूबाच्या जंगलात खानाच्या दरबारात बोलायला अरबी कामी येईल, असा हिशेब! पृथ्वीचे माप त्याने घेतले नवव्या शतकातल्या अल-फर्गानीच्या ग्रंथावरून. मात्र फर्गानीचा मैल अरबी, लांब, आणि कोलंबसाने धरला इटालियन, आखूड. पृथ्वी लहान निघाली आणि सफर सोपी वाटली.

आता कालिकत. जुलै 1497 मध्ये निघालेला वास्को द गामा 20 मे 1498 च्या सुमारास तिथे पोहोचला. आधी किनाऱ्यावर पाठवला तो शिक्षा झालेला एक कैदी, कारण मेला तर नुकसान नाही. त्याला लोकांनी ट्युनिसच्या दोन मुसलमानांकडे नेले, त्यांना स्पॅनिश येत होती. इतक्या लांब काय शोधायला आलात, असे त्यांनी हैराण होऊन विचारले, तेव्हा ख्रिस्ती लोक आणि मसाले शोधायला आलो, असे उत्तर मिळाले. कोविल्यांला दिलेला हुकूमच तो.

ख्रिस्ती लोक शोधण्याची आस एवढी, की कालिकतच्या देवळात नेल्यावर गामाच्या मंडळींना ते चर्च वाटले. सामोरी राजासाठी आणलेला नजराणा होता पट्ट्यापट्ट्यांचे कापड, टोप्या, पोवळ्याच्या माळा, हात धुण्याची भांडी, साखर, तेल आणि मध. दरबारी हसले, मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारी याहून जास्त देतो, असे त्यांनी सुनावले. समृद्ध बंदरात रिकाम्या हाताने आलेला माणूस तोफा का काढतो, याचे एक कारण या नजराण्यात आहे.

या सफरीत गामाला अरबी समुद्र ओलांडायला मदत केली ती मलिंदीच्या मुसलमान सुलतानाने. त्याने वाटाड्या दिला. हा वाटाड्या म्हणजे विख्यात दर्यावर्दी इब्न माजिद, ही गोष्ट आपल्याकडे कोणी अभिमानाने तर कोणी हळहळून सांगतात. आजचे अभ्यासक ती मानत नाहीत. पोर्तुगीज बखरकार वाटाड्या गुजराती मुसलमान होता असे लिहितात. मलिंदीच्या सुलतानाने हे का केले? शेजारच्या मोंबासाशी त्याचे वैर होते. आणि पुढे पोर्तुगीजांना हुसकावण्यासाठी कैरोच्या मुसलमान सुलतानाचे कान भरले ते कोणी? ख्रिस्ती व्हेनिसने. तिची मिरी जात होती.

असे असले तरी घरातल्या बुजुर्गांचे म्हणणे हवेतले नाही. ऑक्टोबर 1502 मध्ये, दुसऱ्या सफरीत, गामाने मलबार किनाऱ्याजवळ मक्केहून परतणारे हाजींचे जहाज अडवले. त्यात शेकडो माणसे होती. श्रीमंत प्रवाशांनी मोठी खंडणी देऊ केली. गामाने माल उतरवून घेतला आणि जहाज माणसांसकट जाळले. बायका तान्ही मुले वर करून दाखवत होत्या, असे त्याच्याच ताफ्यातल्या माणसाने लिहून ठेवले आहे. काही मुले तेवढी वाचवली, ख्रिस्ती करण्यासाठी. नुसती तिजारत असती तर त्याने खंडणी घेतली असती. नुसता धर्म असता तर आधी माल उतरवला नसता. 1508 च्या अखेरीस आपल्या कोकणातले दाभोळ असेच जाळले गेले, आणि 1510 मध्ये गोव्यात मुसलमानांची कत्तल झाली.

हे सारे ज्यांनी भोगले त्यांच्यातल्या एकाचा ग्रंथ आपल्याकडे आहे. पोन्नानीचे शेख झैनुद्दीन मखदूम यांनी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अरबीत ‘तुहफतुल मुजाहिदीन’ लिहिला आणि विजापूरच्या अली आदिलशहाला अर्पण केला. ग्रंथ लढाईची हाक देण्यासाठीच लिहिला आहे. मशिदी जाळल्या, हाजी अडवले, बायकांची अब्रू घेतली, सारे त्यात आहे. पण फिरंगी आले कशासाठी, हे सांगताना शेखसाहेब धर्माचे नाव आधी घेत नाहीत. ते सांगतात की हे लोक मिरीचा मुलुख शोधत आले. मिरी त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या हातून विकत घ्यावी लागे, तो सगळा व्यापार एकट्याच्या हातात घ्यायचा होता. जखमी माणसाने इतके थंड डोक्याने कारण लिहावे, याचे आम्हाला दर वाचनात नवल वाटते. वर्गात आम्ही झुरारा आणि शेख झैनुद्दीन शेजारी शेजारी ठेवतो.

मक्ता राखण्यासाठी फिरंग्यांनी परवाने काढले. त्या कागदाला ते ‘कार्ताझ’ म्हणत, आणि हा शब्द मूळचा अरबी ‘क़िर्तास’, म्हणजे कागद, असे सांगतात. कागद नसलेले जहाज लुटायला मोकळे. कागद असला तरी मिरी भरायची नाही, आणि त्यांच्या ठाण्यावर जाऊन जकात भरायची. हजच्या जहाजांनाही तो लागे. कागदावर हजरत मरियम आणि हजरत ईसा यांची चित्रे असत. बदायुनी लिहितो की अकबराच्या दरबारातले मखदूम-उल-मुल्क यांनी फतवा दिला: समुद्राने जायचे तर चित्रांचा हा परवाना घ्यावा लागतो, खुश्कीच्या वाटेत वेगळ्या अडचणी आहेत, तेव्हा हज सध्या फर्ज नाही. तरीही बाबराची मुलगी, अकबराची आत्या गुलबदन बेगम, 1575 मध्ये शाही घराण्यातल्या बायकांना घेऊन निघाली. सुरतेला परवान्यासाठी त्यांना सुमारे वर्षभर थांबावे लागले. हिंदुस्थानच्या बादशहाच्या घरच्या बायका, आणि अडून बसल्या होत्या एका कागदावर. शेवटी पोर्तुगीजांना दमणजवळचे एक गाव द्यावे लागले, आणि 1576 च्या हंगामात जहाज सुटले.